बोलायलाही शिकावे लागते



पूर्णा हे रेल्वेचे जंक्शन आहे. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा आणि हिंगोलीमार्गे अकोल्याकडे जाणारा, असे दोन लोहमार्ग येथे एकत्र येतात. गाडी येण्यापूर्वी स्थानकावर ध्वनिक्षेपकावरून सूचना दिली जाते. गाडीचा क्रमांक, तिचे नाव, ती कोठून कोठे जाणार आणि कोणत्या फलाटावर येणार, एवढेच त्यात असते. पण ती सूचना एकापेक्षा अधिक भाषांत आणि पुन्हा पुन्हा दिली जाते. असे का बरे करतात? कारण फलाटावरच्या प्रत्येक प्रवाशाला ती कळली पाहिजे. आपण काय बोललो यापेक्षा ऐकणाऱ्याला काय कळले, हे जास्त महत्त्वाचे असते.

मात्र ध्वनिक्षेपकाला प्रश्न विचारता येत नाही. एखाद्या आजीबाईने "बाळा, माझा डबा पुढे येईल की मागे?" असे विचारले, तर त्याच्याकडे उत्तर नसते. उत्तर माणूस देतो. दोन्ही बाजूंनी बोलणे आणि ऐकणे घडते, तेव्हाच त्याला संवाद म्हणतात.

आज अनेक महाविद्यालयांत संवादकौशल्य आणि भाषणकला यांचा अभ्यास असतो. काही लोक हा विषय ऐकून हसतात. "बोलायला काय शिकायचे? ते तर लहान मूलही करते," असे ते म्हणतात. दुसरे काही लोक म्हणतात, "वक्ता हा जन्मावाच लागतो." मला ही दोन्ही मते पटत नाहीत. माझे मत असे आहे, की बोलणे ही शिकून येणारी विद्या आहे. ती गणित आणि विज्ञान यांच्याइतकीच आवश्यक आहे. उर्दू माध्यमातून शिकणाऱ्या तुम्हा मुलामुलींना तर तिची विशेष गरज आहे.

याचे कारण ऐका. दहावीनंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे शिक्षणाचे माध्यम बदलेल. वर्गात मराठी किंवा इंग्रजी ऐकू येईल. उत्तर ठाऊक असूनही "माझे मराठी चुकले तर सगळे हसतील" या भीतीने काही मुले गप्प बसतात. पहिल्या बाकावरून ती शेवटच्या बाकावर जातात. हळूहळू शिक्षकांना वाटू लागते, की या मुलाला काही येतच नाही. पुढे पुढे त्या मुलालाही तसेच वाटू लागते. ज्ञान असूनही केवळ न बोलल्यामुळे माणूस मागे पडतो. याहून मोठे नुकसान कोणते?

अशी भीती मोठमोठ्या माणसांनाही वाटली आहे. महात्मा गांधी इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन आले, तेव्हा मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात ते पहिल्या खटल्यासाठी उभे राहिले. साक्षीदाराला प्रश्न विचारायचे होते. पण त्यांना एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले आणि खटला त्यांनी सोडून दिला. ही हकिकत त्यांनी आपल्या आत्मचरित्रात स्वतःच सांगितली आहे. हेच गांधीजी १८९३ साली दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया शहरात गेले. तेथे एका मुस्लिम व्यापाऱ्याच्या घरी हिंदी लोकांची सभा भरली. सभेत बहुतेक मेमन व्यापारी होते. गांधीजींनी व्यापारातील सचोटीवर भाषण केले. ते त्यांच्या आयुष्यातील पहिले जाहीर भाषण होते आणि त्यासाठी ते तयारी करून गेले होते.

माणूस तोच होता. मग फरक कशामुळे पडला? प्रिटोरियात त्यांच्याजवळ सांगण्यासारखे काही होते, कोणासाठी सांगायचे हे ठाऊक होते आणि पूर्वतयारी होती. भाषणकलेचा पाया या तीन गोष्टींवर उभा आहे. मोठा आवाज आणि हातवारे यांचा क्रम नंतर लागतो.

आता आपल्याच भागातले उदाहरण घेऊ. पूर्णेहून अकोल्याकडे जाताना वसमत लागते. वसमत तालुक्यातील कुरुंदा हे नरहर कुरुंदकर यांचे गाव. त्यांचा जन्म १९३२ सालचा. हा सारा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा झाला. कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत एकाहून अधिक वेळा नापास झाले होते. पण त्यांचे वाचन कधी थांबले नाही. पुढे ते नांदेडच्या पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि प्राचार्य झाले. इतिहास, साहित्य, धर्म, राज्यघटना अशा अनेक विषयांवर ते बोलत आणि महाराष्ट्रभर लोक त्यांना ऐकायला गर्दी करत. १९८२ साली औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) एका कार्यक्रमात व्यासपीठावरच त्यांना मृत्यू आला. त्यांच्या वाणीमागे मोठे वाचन होते. विहिरीत पाणी असेल, तरच ते पोहऱ्यात येणार!

"आम्हांला डॉक्टर व्हायचे आहे, शेतीशास्त्र शिकायचे आहे, आम्हांला भाषणे कशाला हवीत?" असा प्रश्न तुम्ही विचाराल. परभणीला कृषी विद्यापीठ आहे. त्याची स्थापना १९७२ साली झाली. तेथे पीक, माती आणि कीड यांच्याबरोबर संवादकौशल्य आणि कृषी विस्तार हे विषयही शिकवले जातात. कृषी विस्तार म्हणजे शेतीचे नवे ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवणे. शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांना गावात जाऊन शेतकऱ्यांबरोबर काम करावे लागते. किती बियाण्याला किती औषध चोळायचे, हे सांगण्यात चूक झाली, तर शेतकऱ्याचा हंगाम वाया जाऊ शकतो. डॉक्टरांचेही तसेच आहे. गोळी जेवणाआधी घ्यायची की जेवणानंतर, हे रोग्याला नीट कळले नाही, तर चांगल्या औषधाचाही उपयोग होत नाही. प्रत्येक विद्येचा शेवटचा टप्पा म्हणजे ती दुसऱ्याला समजावून सांगणे.

मित्रांनो, या बाबतीत तुमच्याजवळ एक मोठे भांडवल आहे. तुमच्या शाळेत तकरीरीची स्पर्धा होते, बैतबाजी रंगते. लोकांसमोर उभे राहण्याची आणि शब्द तोलून बोलण्याची सवय तेथे लागते. शिवाय तुम्हांला दोन भाषा येतात आणि त्या एकमेकींना परक्या नाहीत. अर्ज, वकील, हजर, जबाब, मुद्दा, खबर हे शब्द मराठीत फारसी-अरबीतून आले. उलट तुम्ही घरी दखनी बोलताना 'मैंच', 'येइच' म्हणता, त्यातला 'च' हा मराठीचा आहे, असे भाषेचे अभ्यासक सांगतात.

पण ओळखीचे शब्द कधी कधी फसवतातही. उर्दूत 'राजीनामा' म्हणजे दोन पक्षांमधील समझोता. मराठीत राजीनामा देणे म्हणजे नोकरी किंवा पद सोडणे. उर्दूत 'खाली' म्हणजे रिकामे. मराठीत 'खाली बसा' म्हणजे जमिनीवर किंवा जागेवर बसा. शब्द तोच, पण ऐकणारा बदलला की अर्थ बदलतो. म्हणून बोलण्यापूर्वी ऐकणाऱ्याचा विचार करावा. दोन भाषा जाणणाऱ्याला हा धडा रोजच्या रोज मिळतो. एक भाषा जाणणाऱ्याला तो पुस्तकातून शिकावा लागतो.

थोडा इतिहासही आठवा. १९४८ पर्यंत आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतून दिले जाई. तेव्हा मराठी घरांतील कित्येक मुलांनी उर्दूतून शिक्षण घेतले. ती मुलेही अडखळली असतील, चुकली असतील. पण ती शिकली. आज तुमची वेळ आहे.

महाविद्यालयात गेल्यावर हा विषय घ्याच. पण तो केवळ गुणांसाठी घेऊ नका. गाईडमधील उत्तरे पाठ करून भाषण येत नाही. काठावर बसून कोणी पोहायला शिकत नाही. आणि महाविद्यालयाची वाट तरी कशाला पाहता? वर्गात रोज एक प्रश्न मराठीतून विचारा. आकाशवाणीवरच्या मराठी बातम्या ऐका आणि त्यातली एक बातमी घरी आपल्या शब्दांत सांगा. 'ते झाड' की 'तो झाड', असे अडले तर अडू द्या. उर्दूत नपुंसकलिंग नाही, म्हणून तेथे चूक होणे स्वाभाविक आहे. कोणी दुरुस्त केले, तर त्याचे आभार माना आणि पुढे बोला. तुमचा मराठी माध्यमातील मित्र उर्दू शब्द उच्चारताना अडखळला, तर तुम्हीही हसू नका.

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवा. गोड बोलून फसवणारेही वक्तेच असतात आणि अफवा पसरवणाऱ्यालाही बोलता येते. म्हणून वाणीबरोबर सचोटीही हवी. गांधीजींचे पहिले भाषण सचोटीवर होते, हे विसरू नका. खरे असेल ते बोला, समोरच्याला समजेल असे बोला आणि त्याचे उत्तर ऐकण्यासाठी थांबा. गावच्या ग्रामसभेत, दवाखान्यात, बँकेत, कचेरीत, जेथे जाल तेथे ही विद्या तुमच्या उपयोगी पडेल. इतकेच नव्हे, तर ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्या वतीनेही तुम्ही चार शब्द बोलू शकाल.