क्लच प्लेटच गेली कशावरून?

मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, तरी कितीतरी घरांत ती अजून पळते आहे. तिचं क्लचचं पेडल बिघडलं की मेकॅनिक म्हणतो, "मॅडम, प्लेट गेली." आणि आपण मान डोलावतो. का बरं?

मैत्रिणींनो, दुखणं आधी आपण ओळखायचं. पेडल आडवं हलतं, करकरतं? बहुधा बुश झिजला असेल. दिवसेंदिवस जड होतंय? केबल तपासायला सांगा. ८०० चा क्लच केबलवरच चालतो. रेस दिली की इंजिन ओरडतं, पण गाडी उचलत नाही, जळका वास येतो? मग प्लेटचा संशय घ्या. तरी केबल फार ताणलेली नाही ना, हे आधी बघायला लावा. बुश, केबलचं काम छोटं. प्लेटसाठी गिअरबॉक्सच उतरवावा लागतो. मजुरी वाढते ती तिथे!

बर्डीच्या गर्दीत क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नका, प्लेट त्यानेच लवकर झिजते. आणि काढलेला जुना पार्ट मागून बघाच. भाजी आपण निवडून घेतो, मग दुरुस्ती डोळे मिटून का करून घ्यायची?