‘लोनावला’ नव्हे, लोणावळा



‘लोनावला’ म्हटल्याने काय बिघडते, हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सवाल मला मुळीच पटला नाही. हिंदीत ‘ळ’ नाही, ही सबब अपुरी आहे. राजस्थानी, हरियाणवी, गुजराती माणसे तो रोज उच्चारतात. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत तो आहे. घोळ रोमन लिपीने घातला. तिथे ‘ण’ आणि ‘न’, ‘ळ’ आणि ‘ल’ एकाच अक्षरात कोंबले जातात. ‘ळ’ उच्चारणे तसे अवघडही नाही: जिभेचे टोक मागे टाळूकडे वळवून सोडले की तो उमटतो. पाहुण्यांना मी दोष देत नाही. पण खंडाळ्याला ‘खंडाला’ आणि वडाळ्याला ‘वडाला’ आपणच म्हणू लागलो, याचे दुःख होते. निदान मराठी वाहिन्यांच्या निवेदकांनी तरी ही नावे नीट उच्चारावीत.

– एक वाचक, पुणे