आमचे ‘मेजर’ आजोबा



आपल्याकडे खेड्यात एक गंमत आहे. माणूस फौजेतून सुट्टीवर आला, की गावाच्या लेखी तो ‘मेजर’! मग तो काल भरती झालेला शिपाई असो, नाहीतर पंचवीस वर्षं नोकरी झालेला सुभेदार. पारावरची मंडळी विचारणार, “काय मेजर, कधी आलात?” आमच्या अणदूरलाही तसंच. माझे आजोबा अख्ख्या गावाचे मेजर होते. त्यांना मात्र ते मुळीच आवडत नसे. “मेजर मोठा माणूस. मी सुभेदार,” असं ते दर वेळी न कंटाळता सांगायचे आणि समोरचा माणूस “बरं मेजर” म्हणून पुढे निघून जायचा!

आता यातला फरक काय, ते आधी सांगते. शिपाई, नाईक, हवालदार या जवानांच्या चढत्या पायऱ्या. त्यांच्यावर नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर. हे झाले ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर. जवान त्यांना ‘साहेब’ म्हणतात. (नायब सुभेदाराला १९६५ पर्यंत जमादार म्हणत असत.) त्यांच्याही वर लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर असं करत थेट जनरलपर्यंत. आजोबा १९४९ मध्ये शिपाई म्हणून लागले आणि १९७५ मध्ये सुभेदार होऊन घरी आले. मधली एकही पायरी त्यांनी गाळली नव्हती, आणि म्हणूनच न मिळालेली वरची पायरी कुणी फुकट दिलेली त्यांना खपत नसे.

पण शेतकऱ्याचा पोरगा फौजेत गेलाच कसा? त्याचं उत्तर आपल्या रस्त्यावर आहे, बरं का! सोलापूर-हैदराबाद हा जो हमरस्ता अणदूरवरून नळदुर्गकडे जातो ना, त्या रस्त्यावर.

१५ ऑगस्ट १९४७ ला सोलापूर स्वतंत्र झालं. आपण मात्र तिथून चाळीसेक किलोमीटरवर असूनही निजामाच्या हैदराबाद संस्थानातच राहिलो. रझाकारांची दहशत होती. लोक दिवस मोजत होते. शेवटी १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय फौज सोलापूरच्या बाजूने संस्थानात शिरली. तिचे प्रमुख होते मेजर जनरल जे. एन. चौधरी. आजोबा तेव्हा अठरा वर्षांचे. मुगाच्या शेंगा तोडायला म्हणून ते रानात निघाले होते. रस्त्यावरून गाड्यांमागून गाड्या चाललेल्या त्यांनी पाहिल्या. “मूग तसाच राहिला. मी बांधावर बसून गाड्या मोजायलो होतो. शंभरानंतर आकडा चुकला,” असं ते सांगत.

त्याच दिवशी नळदुर्गला पहिली मोठी चकमक झाली. बोरी नदीवरचा पूल फौजेने इतक्या झपाट्याने ताब्यात घेतला, की तो शाबूत राहिला. तो पडला असता तर पुढची वाट अडली असती. किल्ल्याजवळच्या लढाईत दुसऱ्या शीख पलटणीचा एक हवालदार पुढे होता, बच्चितर सिंग. समोरून मशीनगन चालू होती. मांडीत गोळी लागली तरी तो सरपटत पुढे गेला, हातबॉम्ब टाकून त्याने ती मशीनगन बंद पाडली आणि तिथेच प्राण सोडले. पुढे १९५२ मध्ये अशोकचक्र हा सन्मान पहिल्यांदा जाहीर झाला. तो मिळालेल्या पहिल्या काही वीरांत बच्चितर सिंग आहेत. गाव कुठलं? पंजाबातल्या लुधियाना जिल्ह्यातलं लोपों! नळदुर्गच्या किल्ल्यात सहलीला गेलात, पाणी महाल पाहिलात, नर-मादी धबधब्यापाशी फोटो काढलेत, तर हे नाव एकदा आठवा. दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन तुम्ही करताच की.

आजोबांच्या डोक्यात मात्र त्या दिवसापासून एकच बसलं. कुठला कोण परमुलखातला माणूस आपल्यासाठी येऊन मरतो, मग आपण काय नुसता मूगच तोडायचा? वर्ष संपायच्या आतच ते घरात न सांगता सोलापूरला आणि तिथून बेळगावला गेले, मराठा लाइट इन्फन्ट्रीत रंगरूट म्हणून. पणजोबांनी म्हणे दोन दिवस जेवण सोडलं होतं.

आजीचं म्हणणं वेगळंच. तुम्हाला ठाऊक असेल, आमचा खंडोबा वर्षातले साधारण दहा महिने अणदूरला असतो आणि दोनेक महिने नळदुर्गला मैलारपूरच्या देवळात. फौजेतही वर्षाला दोन महिने सुट्टी. आजी म्हणायची, “गावाचा देव दहा महिने गावात ऱ्हातो. माझा दहा महिने पलटणीत. माझ्याच नशिबाला दोन महिने आले बघ!” ती हे हसत म्हणायची. पण सव्वीस वर्षांचा हिशेब तुम्हीच करून बघा. चारच वर्षं आणि वर चार महिने भरतात.

आम्ही नातवंडं आजोबांना हमखास एक प्रश्न विचारायचो. तुम्हीही विचारला असता. “आजोबा, तुम्ही किती शत्रू मारले?” एवढं विचारलं, की आजोबा उठून गोठ्यात जायचे. कितीही लाडात असले तरी! एकदा मात्र ते उठले नाहीत. म्हणाले, “बसा. गोळी न मारल्याची गोष्ट सांगतो.” आणि त्यांनी कोरियाची गोष्ट सांगितली.

कोरियात १९५० मध्ये युद्ध पेटलं आणि २७ जुलै १९५३ ला थांबलं. पण एक पेच उरला. हजारो चिनी आणि उत्तर कोरियन युद्धकैदी म्हणू लागले, आम्हाला आमच्या देशात परत जायचंच नाही! आता त्यांना सांभाळायचं कुणी? दोन्ही बाजूंचा विश्वास बसेल असा देश हवा होता. तो मान भारताला मिळाला. आपले हजारो सैनिक बोटींनी तिकडे गेले. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी मात्र आडमुठेपणा केला. भारतीय सैनिकांनी आमच्या जमिनीवर पाय ठेवायचा नाही, म्हणाले! मग बोटीतून उतरलेल्या आपल्या लोकांना अमेरिकन हेलिकॉप्टरमधून थेट छावणीकडे नेण्यात आलं. आमच्या आजोबांनी तोवर विमान जवळून पाहिलेलं नव्हतं. तेवीस वर्षांचा अणदूरचा पोरगा एकदम हेलिकॉप्टरमध्ये! “डोळे मिटून खंडोबाचं नाव घेतलं,” ते सांगायचे.

छावणीला नाव दिलं होतं हिंद नगर. आणि त्या दलाचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूरकडचे, वडगावचे, मेजर जनरल शंकरराव थोरात. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातल्या कांगॉच्या लढाईत गाजलेला माणूस. तारेच्या कुंपणाआड बावीस हजारांवर कैदी, संतापलेले, घाबरलेले, दगड मारणारे. सप्टेंबर १९५३ मध्ये चिनी कैद्यांनी आपल्या एका मेजरला, ग्रेवाल साहेबांना, ओढून आत नेलं आणि डांबून ठेवलं. बाहेर आपले जवान बंदुका घेऊन तयार. हुकूम झाला असता तर काय झालं असतं, कल्पना करा! थोरात साहेबांनी तो हुकूम दिला नाही. मोजकी माणसं घेऊन ते स्वतः फाटकातून आत गेले. भोवती आरडाओरडा करणारा जमाव. साहेबांनी त्यांना ऐकवलं, की चिनी लोक फार पाहुणचार करणारे असं ऐकलं होतं, आणि इथे साधा चहासुद्धा कुणी विचारत नाही! जमाव गोंधळला. चहा आला, सिगारेट आली, बोलणी झाली आणि ग्रेवाल साहेब सुखरूप बाहेर आले. ही हकीकत छावणीतल्या प्रत्येक जवानाला पाठ होती.

“हातात बंदूक असताना ती न चालवायला लई छाती लागते पोरांनो,” एवढंच म्हणून आजोबांनी त्या दिवशी गोष्ट संपवली. आमच्यातल्या एका आतेभावाचं काही समाधान झालं नव्हतं. तो म्हणाला, “पण मग ढिशँव ढिशँव कधी?” आजोबा पोट धरून हसले.

कोरियातून आलेलं एक पाकीट आजीने जन्मभर जपलं. त्यावरचं तिकीट भारताचंच, पण वर काळ्या शाईत छापलंय, ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’. अशी तिकिटं खास या सैनिकांसाठी काढली होती. कुणी तिकिटं जमवत असाल तर शोधा बघू. आतलं पत्र मात्र आठच ओळींचं. मी खुशाल आहे, थंडी फार आहे, बैलांना पेंड घालावी, तांबड्या गाईला जपावे. झालं! मी आजीला विचारलं, “एवढ्या लांबून फक्त गाई-बैलांची चौकशी?” तर ती पदर तोंडाला लावून हसली. आजीला वाचता येत नव्हतं. पत्र शाळेतले मास्तर वाचून दाखवायचे, ते सासरे-दिरांच्या देखत. तिथे बायकोची चौकशी कशी करणार? आणि आमच्या घरी तांबडी गाय कधी नव्हतीच!

१९६५ आणि १९७१ च्या लढायांत आजोबा होते. त्याबद्दल ते फार बोलले नाहीत. फक्त १९९९ च्या कारगिल युद्धात, मी तेव्हा अकरा वर्षांची होते, टीव्हीवर तिरंग्यात गुंडाळलेल्या शवपेट्या गावोगाव येताना दिसायच्या, तेव्हा ते एकदा बोलले. त्यांच्या काळी शहिदाचा देह सहसा घरी येत नसे. तिकडेच अग्नी द्यायचे. घरी यायची तार, आणि मागाहून सामान. १९६५ मध्ये आजोबा हवालदार होते. त्यांच्या हाताखालच्या एका जवानाची ट्रंक घेऊन ते सातारा जिल्ह्यातल्या त्याच्या गावी गेले. वाटेत तीन दिवस ते त्याच्या आईला काय सांगायचं याची तयारी करत होते. शौर्य, देश, सगळं जुळवलं होतं. आईने ट्रंकेवरून हात फिरवला आणि विचारलं, “त्या दिवशी जेवला होता का?”

आजोबा म्हणाले, “हो. डाळ-रोटी. माझ्याच शेजारी बसून.”

ते खरं होतं का, हे आम्हा कुणालाच विचारवलं नाही. पण आमच्या घरात ताटात टाकलेला घास त्यांना का सहन होत नसे, हे मला त्या रात्री कळलं.

आजोबा २००७ मध्ये गेले. मी तेव्हा डी.एड. करत होते. त्यांची काळी ट्रंक आता माझ्याकडे आहे. मुलांनो, तुमच्याही घरी अशी ट्रंक असेल तर एक करा. आई-बाबांना विचारून त्यातली पदकं अलगद हातात घ्या आणि नाण्यासारखी कड उजेडात धरा. कडेवर बारीक अक्षरांत सैनिकाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. पदकाच्या पट्टीवर धातूची आडवी चीप असेल तर तीही वाचा. माणूस कुठे होता ते तिथे कळतं. आजोबांच्या विदेश सेवा पदकावर देवनागरीत ‘कोरिया’ आहे. पदकांना राख-चिंचेने घासून चकाकी आणायला जाऊ नका हं, अक्षरं झिजतात! कागद फाटायला आले असतील तर चिकटपट्टी लावू नका, वहीच्या कोऱ्या पानांमध्ये सपाट ठेवा. नोकरीच्या पुस्तकातलं काही कळलं नाही तर जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारता येतं.

आणि आजोबा घरात असतील, तर ट्रंक उघडताना त्यांना शेजारी बसवा. किती मारले, हे सोडून बाकी काहीही विचारा. तिकडे जेवायला काय असायचं, हा प्रश्न चांगला चालतो. काय काय निघालं ते मला पत्राने कळवा. तिकिटाचं पाकीट निघालं, तर आधी!

तुमची,
बाई