वर्गातला आरसा

आपल्यापैकी पुष्कळजण बी. ए. नंतर बी. एड.ची वाट धरतील. तेथे त्यांची गाठ पडेल ती सूक्ष्म अध्यापनाशी. सहा मिनिटांचा पाठ, सहा मिनिटे चर्चा, मग फेरआखणी करून पुन्हा तोच पाठ. १९६३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात निघालेली ही पद्धत तिकडे चित्रफितीच्या आधारे रुजली. शिकविणाऱ्याने स्वतःला पाहावे, ही त्यामागची कल्पना! आपल्याकडे पद्धत आली, कॅमेरा मात्र वाटेतच राहिला; त्याच्या जागी सहाध्यायी मित्राची टिपणे आली. आणि मित्र तो मित्रच! उद्या त्याचाही पाठ असतो.

आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. मग अडते कोठे? माझ्या मते, भीतीपाशी. २०१६ साली विद्यार्थ्यांसह सेल्फी काढण्याचा शासनाचा आदेश निघाला, तेव्हा राज्यभर शिक्षकांनी विरोध केला. बदलापूरच्या घटनेनंतर २०२४ मध्ये शाळांत सीसीटीव्ही सक्तीचे झाले. मुलांच्या सुरक्षेसाठी ते योग्यच. परंतु कॅमेरा म्हणजे पहारा, हे समीकरण त्यामुळे शिक्षकाच्या मनात अधिकच पक्के होते.

वास्तविक चित्रीकरणातून कळते ते वेगळेच. मेरी बड रो या संशोधिकेने वर्गांची ध्वनिमुद्रणे तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी अवघा एक सेकंद थांबतात, असे तिला आढळले. तीन सेकंद थांबल्यास उत्तरे लांबतात, गप्प मुलेही बोलू लागतात. आता आपल्या मानोरा तालुक्यातील तांड्यावरचे मूल डोळ्यांसमोर आणा. घरी गोरमाटी, शाळेत मराठी. गुरुजींचा प्रश्न त्याने मनातल्या मनात आपल्या बोलीत न्यायचा, उत्तर शोधायचे, ते पुन्हा मराठीत आणायचे. एका सेकंदात? तोवर पहिल्या बाकावरचा हात वर झालेला असतो, आणि गुरुजींना वाटते, वर्गाला समजले. हे केंद्रप्रमुखांच्या भेटीत दिसत नाही. त्या दिवशी सारेच शहाण्यासारखे वागतात. गुरुजींना स्वतःला तर मुळीच दिसत नाही, कारण त्यांचे तोंड फळ्याकडे असते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की ते चित्रीकरण शिक्षकाच्याच मालकीचे असावे. आधी त्याने एकट्याने पाहावे. वाटले तर शिक्षण परिषदेत सहकाऱ्यांना दाखवावे. गोपनीय अहवालात त्याचा उल्लेख नको, आणि मुलांचे चेहरे व्हॉट्सॲपवर तर नकोतच. दोनशिक्षकी शाळेत कॅमेरा धरणार कोण, असे कुणी विचारील. पुस्तकांच्या थप्पीला मोबाईल टेकवून ठेवला, तरी दहा मिनिटांचे काम भागते.