घर-संसार : अब्बांची मोरपिसे

गेल्या महिन्यात गोधड्या-रजयांना ऊन देण्याविषयी आपण बोललो. त्यावर एका भगिनीने विचारले, "लग्नाच्या मंडपासाठी शहामृगाची पिसे आणली होती, ती आता कशी जपायची? आणि घरातली मोरपिसेही झडू लागली आहेत." हे वाचून आम्ही थोडे गप्पच झालो. मोरपिसांच्या बाबतीत आमच्या हातून मोठी चूक झालेली आहे. ती आधी सांगतो, म्हणजे तुमच्या घरी तसे होणार नाही.

आमचे मरहूम अब्बा धामणगाव रेल्वेला एका जिनिंगमध्ये काट्यावर मुनीम होते. कापसाच्या गाड्या मोजण्यात त्यांचे सारे आयुष्य गेले. सुट्टीच्या दिवशी ते सायकलवर ओळखीच्या शेतकऱ्यांकडे जात. पावसाळा सरत आला, म्हणजे भाद्रपद-आश्विन लागला, की मोरांचा पिसारा गळतो. तुरीच्या ओळींत, धुऱ्यावर, नाल्याच्या काठाला पिसे पडलेली असतात. अब्बा ती वेचून आणत. कधी शेतकरीच हाक मारत, "मुनीमचाचा, पोट्ट्यांनी पिसं जमा केले तुमच्यासाठी, घेऊन जा बाप्पा!" घरी आल्यावर प्रत्येक वर्षाच्या पिसांना वेगळ्या रंगाचा दोरा बांधून ते मोठ्या गुच्छात ओवत. दांड्या कापून त्यांनी सगळी पिसे अडीच फुटांवर आणली होती. पाहुणे आले की गुच्छ बैठकीत यायचा, एरवी तो पेटीत असे.

अब्बांच्या इंतकालनंतर ती पेटी दोन वर्षे कोणी उघडली नाही. रमजानच्या आधी घर आवरताना अम्मीने उघडली, तेव्हा गुच्छाखाली तपकिरी भुसा साचला होता. मोजली तर पिसे ८३ भरली. त्यांतल्या २७ पिसांची नुसती दांडी उरली होती. आम्ही घाबरून बाजारातला झुरळांचा फवारा मारला आणि उरलेली पिसे गच्चीवर कडक उन्हात ठेवली. फवाऱ्याच्या तेलकटपणाने आणखी चार पिसांचे धागे एकमेकांना असे चिकटले की ते सुटलेच नाहीत. त्यांना डाव्या बाजूला ठेवून मोजले, तर ५२ उरली होती. अम्मी काही बोलली नाही. तिने फक्त दोरे वेचून घेतले.

आता कामाचे बोलू.

पीस म्हणजे काय, हे आधी समजून घ्या. आपले केस आणि नखे ज्या केराटिनची, त्याचेच पीस बनते. कीड लागते ती म्हणूनच. लोकरीला, रेशमाला लागणारी कसर आणि केसाळ अळ्यांचे छोटे भुंगेरे पिसेही खातात. अंधार, धूळ आणि न हलणारी वस्तू त्यांना आवडते. आमच्या पेटीत या तिन्ही गोष्टी होत्या.

मोराच्या पिसात निळा-हिरवा रंगच नसतो, हे वाचून तुम्हांला नवल वाटेल. त्यात असते ते फक्त तपकिरी मेलॅनिन. त्याच्या अतिसूक्ष्म कणांची रचना अशी असते की प्रकाश पडला की निळा, हिरवा, सोनेरी रंग दिसतो. पीस ओले झाले की रंग मंद वाटतो आणि वाळले की परत येतो, तेव्हा घाबरू नका. पण चोळले, चुरगळले तर ती रचनाच मोडते आणि गेलेली चमक परत येत नाही. एरवी आपण ज्याला मोराची शेपटी म्हणतो ती शेपटी नसतेच. खरी शेपटी आखूड आणि साधी असते, पिसारा तिच्यावरच्या लांब पिसांचा असतो. एका पिसाऱ्यात साधारण दीड-दोनशे पिसे असतात. ती दरवर्षी आपोआप गळतात आणि नवी येतात.

शहामृगाचे पीस वेगळे. बहुतेक पक्ष्यांच्या पिसांचे धागे बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात. शहामृगाच्या पिसाला असे आकडे नसतात, त्यामुळे ते धुनकलेल्या कापसासारखे मोकळे, फुललेले दिसते. शहामृगाच्या शरीरावर पिसांना तेल पुरवणारी ग्रंथी नसते, म्हणून त्याची पिसे पाणी लगेच शोषतात. झटकणीसाठी ती उत्तम, पण दमट हवेत ती चटकन चोपून बसतात.

किडीचा बंदोबस्त. उघड्यावर पांढरी चादर अंथरा आणि पीस न् पीस झटका. भुसा, कात किंवा केसाळ अळी दिसली तर ती पिसे लगेच वेगळी करा. बाकीची प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा काढा, तोंड घट्ट बांधा आणि डीप-फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर तशीच राहू द्या. लगेच उघडली तर थंड पिसांवर पाणी साचते. अंडी उरली असतील या शंकेने हाच फेरा पुन्हा एकदा करा. आमच्या फ्रीजमध्ये अडीच फुटांची पिसे मावेनात. शेवटी ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याने त्याच्या आडव्या फ्रीजरचा एक कोपरा दिला आणि पैसे घेतले नाहीत. अल्लाह त्याच्या धंद्यात बरकत देवो.

धुणे. दरवर्षी धुण्याची गरज नाही. मऊ, कोरड्या ब्रशने बुडाकडून टोकाकडे धूळ काढली तरी पुरते. फारच मळले असेल तर कोमट पाण्यात रिठ्याचे थोडे पाणी किंवा लहान मुलांचा शांपू घाला. पीस त्यात हळूच फिरवा, मग साध्या पाण्यातून काढा. चोळू नका, पिळू नका. जुन्या मलमलीवर ठेवून सावलीत, पंख्याच्या हलक्या वाऱ्यात वाळवा. शहामृगाचे पीस वाळताना मधूनमधून हलक्या हाताने झटकत राहा, तरच ते पुन्हा फुलते. रंगवलेले असेल तर आधी ओल्या पांढऱ्या कपड्याने एका टोकाला टिपून बघा. रंग उतरला तर पाण्यात घालूच नका.

चोपलेले शहामृगाचे पीस उकळत्या किटलीच्या वाफेवर वीतभर उंच धरून हलवले की धागे उठतात. मोरपिसाची दांडी वाकली असेल तर तीही थोडी वाफ देऊन बोटांनी सरळ करा आणि निवेपर्यंत तशीच धरा. हे काम मोठ्यांनीच करायचे, वाफेने बोटे भाजतात.

ठेवणे. पेटीत कोंबू नका. जुन्या उशीची धुतलेली सुती खोळ सर्वांत चांगली. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते. कडुलिंबाचा वाळला पाला ठेवायला हरकत नाही, पण त्याने अळी मरत नाही हे लक्षात असू द्या. डांबरगोळ्यांपासून मात्र जपा. लहान मुलाने गोळी गिळली तर जिवावर बेतू शकते, आणि काही मुलांना जन्मजात असा दोष असतो की त्या गोळ्यांच्या संपर्काने त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. सर्वांत स्वस्त औषध म्हणजे दर दोन महिन्यांनी खोळ उघडून पिसे झटकणे. अब्बा होते तोवर गुच्छाला कीड का लागली नाही, हे आम्हांला उशिरा कळले. पाहुण्यांच्या निमित्ताने तो सतत बाहेर निघत होता.

सजावट. पितळेच्या सुरईत किंवा अरुंद तोंडाच्या मातीच्या बरणीत मोरपिसे छान दिसतात. तळाशी कोरडी वाळू घाला, म्हणजे भांडे कलंडत नाही. गॅसच्या जवळ तेलकट धूळ बसते, खिडकीच्या उन्हात रंग विटतो आणि आपल्या वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात कूलरच्या समोरची जागा पिसांना सर्वांत वाईट. काचेच्या चौकटीत लावायची असतील तर काच आणि पीस यांच्यामध्ये बोटभर अंतर ठेवा. दुल्ह्याच्या कलगी-तुऱ्यासाठी एकच चांगले पीस पुरे होते. निकाह झाला की ते काढून खोळीत ठेवा, धाकट्या भावाच्या वेळी पुन्हा कामी येईल. मंडपासाठी शहामृगाची म्हणून विकली जाणारी पुष्कळ पिसे कोंबड्याची नाहीतर प्लास्टिकच्या धाग्याची असतात. एक तंतू चिमट्यात धरून पेटवून बघा. जळक्या केसांचा वास आला आणि राख चुरली तर पीस खरे. वितळून गोळी झाली तर प्लास्टिक.

मोरपीस लावले की पाली येत नाहीत, असे पुष्कळ जण सांगतात. आमच्या बैठकीतली पाल त्याच सुरईमागे राहते. बरकतही पिसात नसते, ती देणारा अल्लाह आहे. दर्ग्यात मोरछल फिरते, मुघल बादशहांच्या चित्रांत सेवकाच्या हाती मोरछल दिसते, शाहजहानने १६३५ साली पूर्ण झालेल्या आपल्या तख्तालाही मोरांनी सजवले. सुंदर वस्तू म्हणून तिची कदर करावी, तेवढे पुरे.

शहामृग मात्र आपल्याला अगदीच परका नाही. शेजारच्या खानदेशात, चाळीसगावजवळ पाटणे येथील उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला तुकडा मिळाला. तो काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा. तेव्हा हा पक्षी इथे राहत होता. आज बाजारात येणारी खरी पिसे बहुधा दक्षिण आफ्रिकेतल्या फार्मची असतात. शंभर वर्षांपूर्वी युरोपातल्या स्त्रियांच्या टोप्यांसाठी त्यांना एवढी मागणी होती की सोने, हिरे आणि लोकर यांच्याखालोखाल त्या देशातून पिसेच बाहेर जात. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले, फॅशन बदलली आणि तो धंदा कोसळला.

कायदा. मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्याला पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. त्याची शिकार केल्यास किमान तीन वर्षांची कैद होते. आपोआप गळलेली पिसे घरात ठेवायला देशात मनाई नाही. गळलेल्या पिसाच्या दांडीचे टोक कोरडे आणि स्वच्छ असते. उपटलेल्या पिसाच्या टोकाला रक्ताचा अंश राहतो आणि तपासणीत तो सापडतो. म्हणून रस्त्यावर स्वस्तात मिळणारे जुडगे घेताना दांड्या बघा आणि शंका आली तर घेऊच नका. पेरणीच्या दिवसांत औषध लावलेले बियाणे खाऊन मोर मरतात. असा मेलेला मोर दिसला तर त्याचे एकही पीस घेऊ नका, वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा.

आणखी एक गोष्ट आखातात माणसे असलेल्या घरांसाठी. मोरपिसे आणि त्यांच्या वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत.

यावरूनच आमच्या घरात वाद झाला. उरलेल्या ५२ पिसांची वाटणी चौघांत झाली. अम्मी, आपा आणि आम्ही दोघे भाऊ, प्रत्येकी १३. आपा दम्मामला असते. अब्बांच्या मय्यतीला ती पोहोचू शकली नव्हती. सुट्टी संपवून निघताना तिने आपली १३ पिसे ओढणीत गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवली. आम्ही अडवले तर ती रडू लागली. म्हणाली, "तुम्हांला घर आहे, कबर आहे, दर जुम्म्याला जाऊन फातिहा पढता. माझ्याकडे अब्बांचं काय आहे? एवढीशी पिसं, कोण बघतंय बॅगेत?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. अम्मी शेजारी बसली आणि तिने बॅग उघडली. म्हणाली, "बेटी, त्यांनी तीस वर्षं काटा सांभाळला. कोणी बघत नसलं तरी वजन तेच सांगितलं. त्यांचं पीस लपवून नेशील तर ते त्यांचं राहील का?"

आपाने बराच वेळ काही उत्तर दिले नाही. मग पिसे काढून अम्मीच्या मांडीवर ठेवली आणि दोऱ्यांची पुडी मागितली. जळालेल्या, खाल्लेल्या पिसांचे जे दोरे अम्मीने वेचले होते, ते ती घेऊन गेली. दोऱ्याला कोणत्याच कायद्याची आडकाठी नाही. ते आम्हांला आधी सुचायला हवे होते.

आपाची १३ पिसे वेगळ्या खोळीत आहेत. दर दोन महिन्यांनी झटकताना आम्ही तिला व्हिडिओ कॉल लावतो. ती मोजते. आजवर १३ च भरली आहेत, अल्हम्दुलिल्लाह.

तुमच्या घरीही अशी पेटी असेल तर या जुम्म्याच्या आत उघडून बघा. पुढच्या महिन्यात इंशाअल्लाह तांब्या-पितळेच्या भांड्यांविषयी बोलू.