दारावरचा आकडा आणि ताटातले मांस : शालेय स्वयंपाकघरांच्या स्वच्छता मानांकनाचा धडा

#थ्रेड #इतिहास

१/ उपाहारगृहांच्या आणि शाळांच्या स्वयंपाकघरांना स्वच्छतेचे गुण द्यावेत की नाही, हा वाद निघाला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो : ‘तपासणी तर होतेच, मग दारावर आकडा टांगण्याचा सोस कशाला?’ या युक्तिवादाचे उत्तर वेल्सच्या इतिहासात आहे. ते एका पाच वर्षांच्या मुलाच्या मृत्यूने लिहिले गेले आहे.

२/ सप्टेंबर २००५. दक्षिण वेल्समधील शाळकरी मुले एकामागून एक आजारी पडू लागली. कारण होते ई. कोलाय ओ१५७ हा जिवाणू. रक्ती हगवण आणि क्वचित मूत्रपिंडे निकामी करणारा. एकूण १५७ जणांना बाधा झाली, ४४ शाळांना झळ पोहोचली, ३१ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. पाच वर्षांचा एक मुलगा दगावला.

३/ रोगाचे मूळ शाळांच्या स्वयंपाकघरांत नव्हतेच. ते होते ब्रिजेंडमधील एका मांस-पुरवठादाराकडे. चार स्थानिक परिषदांच्या शाळांना तो शिजवलेले मांस पुरवीत असे. कच्चे आणि शिजवलेले मांस बंद करण्यासाठी त्याच्याकडे एकच व्हॅक्यूम पॅकिंग यंत्र वापरले जाई. कच्च्या मांसावरचा जिवाणू शिजवलेल्या मांसावर गेला आणि तेथून थेट मुलांच्या ताटात. शिजवलेले मांस पुन्हा कोण शिजवणार?

४/ मग तपासनीस कोठे होते? ते येऊन गेले होते! पुरवठादाराने नोंदी खोट्या लिहिल्या होत्या आणि तो अधिकाऱ्यांशी खोटे बोलला होता. वह्या भरलेल्या, शिक्के उमटलेले, कागद चोख. २००७ मध्ये त्याला एक वर्षाच्या कारावासाची शिक्षा झाली. गेलेले मूल त्याने परत आले नाही.

५/ ‘हे कोणाला ठाऊक होते?’ असे म्हणण्याचीही सोय नाही. १९९६ मध्ये स्कॉटलंडमधील विशॉ येथे याच जिवाणूने अनेक वृद्धांचा बळी घेतला होता. तेथेही उगम मांसविक्रेत्याकडेच होता. त्या साथीची चौकशी करणाऱ्या गटाचे प्रमुख होते प्राध्यापक ह्यू पेनिंग्टन. कच्चे आणि शिजवलेले वेगळे ठेवा, हे त्यांनी १९९७ मध्येच बजावले होते.

६/ वेल्समधील चौकशीही पेनिंग्टन यांच्याकडेच आली. मार्च २००९ मधील अहवालात २४ शिफारशी होत्या. त्यांतली एक विशेष ध्यानात ठेवावी अशी : अपवादात्मक कारण नसेल तर तपासणी पूर्वसूचनेविना व्हावी. पाहुणे येणार म्हणून घर कोण झाडत नाही? शाळांसाठी मांस खरेदी करण्याच्या प्रक्रियेतही अन्नसुरक्षेच्या दृष्टीने गंभीर दोष असल्याचे अहवालाने दाखवून दिले.

७/ नोव्हेंबर २०१० मध्ये इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडसाठी ० ते ५ गुणांची मानांकन योजना सुरू झाली. ती तीन गोष्टी पाहते : अन्नाची हाताळणी, वास्तूची अवस्था आणि व्यवस्थापनावर ठेवता येईल असा विश्वास. शाळांची स्वयंपाकघरेही तिच्या कक्षेत आली.

८/ पण फलक लावणे ऐच्छिक होते. ज्याला ५ मिळाले तो आकडा दर्शनी भागी मिरवणार, ज्याला १ मिळाला तो खणात दडवणार, हे उघडच होते. वेल्सने ही पळवाट बुजवली. २०१३ च्या कायद्याने त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून फलक सक्तीचा केला. पुढच्या वर्षी इतर व्यवसायांना माल पुरवणारे घाऊक पुरवठादारही मानांकनाखाली आणले. इंग्लंडमध्ये फलक ऐच्छिकच राहिला. ज्या भूमीने मूल गमावले तिला ऐच्छिकतेचा फोलपणा समजला. शेजाऱ्याला तो समजायला काय हवे होते?

९/ मानांकनावरील एक आक्षेप मात्र खरा आहे : आकडा एका दिवसाचा असतो, स्वयंपाक रोजचा. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष ‘आकडा नको’ हा नव्हे. ‘आकडा अवचित तपासणीचा हवा, सर्वांना दिसेल असा हवा आणि पुरवठादारापर्यंत पोहोचणारा हवा’ हा होय. या तीन अटींवाचून मानांकन म्हणजे भिंतीवरची शोभा.

१०/ ही कथा परक्यांची म्हणून बाजूला ठेवता येत नाही. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावात माध्यान्ह भोजनाने २३ मुलांचा जीव घेतला. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने अन्न चाखावे, ही सूचना आधीपासून कागदावर होती. तेल कोठून आले आणि कशात साठवले, हे मात्र वेळीच कोणी विचारले नाही. ब्रिजेंडचे यंत्र आणि गंडामनचे तेल, दोन्हींत धोका पुरवठ्यातून आला आणि कागदाने तो झाकला.

११/ पुढे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने स्वच्छता मानांकन आणले, तेही हॉटेले, मिठाईची दुकाने, बेकऱ्या यांच्यासाठी आणि ऐच्छिक. गिऱ्हाइकाला दुकान बदलता येते. शाळेत वाढलेला भात खाणाऱ्या मुलाला ताट बदलता येत नाही. ज्याला निवडीचा अधिकार आहे त्याच्यासाठी आकडा आणि ज्याला तो नाही त्याच्यासाठी केवळ परिपत्रक, हा न्याय उफराटा आहे.

१२/ महाराष्ट्रातील अनेक शहरांत एकाच मध्यवर्ती स्वयंपाकगृहातून कित्येक शाळांना पोषण आहार जातो. एक पुरवठादार आणि ४४ शाळा हे गणित म्हणूनच येथे नीट समजून घ्यायला हवे. शाळेच्या फाटकावर तिच्या स्वयंपाकघराचा आणि त्याच्या पुरवठादाराचा आकडा लावण्यास फलकापुरता खर्च येतो. तो न लावण्याची किंमत वेल्सने २००५ मध्ये मोजली आहे.