काळी वायर कोणाची?

महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून गाडीतच झोपायची आणि स्वयंपाकाची सोय करून घेणाऱ्यांचं कुतूहल वाढलं आहे. गिऱ्हाईक गादी बघतं, फ्रिज बघतं, टपावरचं सोलर पॅनल बघतं. प्लायवूडमागची वायरिंग मात्र कोणी उघडून बघत नाही. तिथे बॅटरीची 12 व्होल्टची डीसी आणि इन्व्हर्टरची 230 व्होल्टची एसी अशा दोन वीजव्यवस्था हातभर अंतरावरून जातात. काम करणारे कारागीरही बहुधा दोन, आणि दोघांची रंगांची भाषा वेगळी. गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनला काळी वायर म्हणजे निगेटिव्ह, बिनदिक्कत चासीला जोडायची. घरांची कामं करणाऱ्याला तीच काळी म्हणजे न्यूट्रल. अमेरिकी घरगुती पद्धतीत काळी म्हणजे चक्क फेज, आणि तिकडच्या ट्रेलरच्या सात पिनांच्या जोडणीत बॅटरीची पॉझिटिव्ह! युरोपीय पद्धतीच्या उपकरणात निळी न्यूट्रल असते, तर आपल्याकडे निळा हा तिसऱ्या फेजचा रूढ रंग. वर्षभराने दुरुस्तीला बसणारा तिसराच कोणीतरी यातली कुठली भाषा धरून पक्कड लावेल, हे नशिबावर सोडलेलं असतं.

अमेरिकेत बोटींच्या मानकाने यावर साधा तोडगा काढला आहे: डीसी निगेटिव्हला काळ्याऐवजी शक्यतो पिवळी वायर वापरा. आपल्या कॅराव्हॅनमध्येही हेच करावं. पिवळा आपल्याकडे थ्री-फेजमधला एक रंग आहे, हा आक्षेप खरा आहे. पण अशा गाडीत सहसा सिंगल फेजच येतो, आणि तिथे फेजला लाल ठेवायचा असेल तर डीसी पॉझिटिव्हची लाल वायर वेगळ्या नळीतून न्यावीच लागते. म्हणजे नुसत्या रंगावर भागत नाही. टॉर्चच्या उजेडात, धुळीने माखलेल्या वायरीचा तपकिरी आणि लाल रंग सारखाच दिसतो. म्हणून प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबर हवा. भोसरीतल्या कुठल्याही कंट्रोल पॅनलच्या कारखान्यात वायरीच्या टोकाला धातूचा लग क्रिंप करण्याआधी तिच्यावर नंबराची छोटी नळी, म्हणजे फेरूल, चढवतात. ती विसरलेलं पॅनल तपासणीतून पुढे जात नाही. कागदी चिकटपट्टी टपाखालच्या उन्हाने सुटते, फेरूल सुटत नाही. खर्चाचं कारण तर सांगूच नये, एका चांगल्या लिथियम बॅटरीपुढे तो किरकोळ आहे.

‘बारा व्होल्टने काय होतंय?’ हा प्रश्न हमखास येतो. शॉक बसत नाही, हे मान्य. पण हजार वॉटचा इन्व्हर्टर 12 व्होल्टच्या बॅटरीतून 80 अँपिअरहून जास्त प्रवाह ओढतो, आणि चुकीच्या जागी टेकलेल्या, फ्यूज नसलेल्या वायरीला पेट घ्यायला तेवढा पुरेसा असतो. नोंदणीच्या वेळी वायरिंगचा नकाशा मागण्याची सक्ती सरकारने करायला हवी. ती होईपर्यंत गिऱ्हाइकाने ताबा घेताना एक फळी उघडायला लावावी, कुठल्याही चार वायरींचे दोन्ही टोकांचे नंबर नकाशाशी ताडून पाहावेत, आणि जुळले नाहीत तर शेवटचा हप्ता देऊ नये.